काळा डबा

येलदरीच्या पाण्यात मुंजाजीचे डबे काळे असतात.
इंजिन ऑइलचे, पाच लिटरचे,
जिंतूरचा गॅरेजवाला फुकट देतो.
पांढरं थर्माकोल लांबून दिसतं,
आणि जे दिसतं ते रात्रीतून कुणीतरी उचलून नेतं
जाळ्यासकट, माशांसकट.
म्हणून काळे.
दिवस मावळताना तर सगळं पाणीच डब्याच्या रंगाचं होतं.

त्या सांजेला माझ्या नावेत अकरा माणसं,
दोन शेळ्या, पिठाचं पोतं,
आणि माहेराहून निघालेली कौसा, मांडीवर तान्हं.
मधोमध आल्यावर इंजिन खोकललं,
घरघरलं,
गप्प झालं.
इतकं गप्प, की शेळीचं रवंथ ऐकू यावं.
वारा आडवा. नाव आपल्या मनानं वळायला लागली.
"डिझेल संपलं का ओ?" मागून कुणीतरी.
मला माहीत होतं. पंख्यात दोरी.

दातात विळा धरून उतरलो.
खाली हातच डोळे.
नायलॉनचे वेढे आवळून आवळून दगड झालेले,
एक रोहू अजून धडपडत होता जाळ्यात,
मनगटाला लागला, थंडगार.
वर तान्हं रडायला लागलं.
कापली.
त्या जाळ्यात मुंजाजीचा अख्खा उन्हाळा आहे
हे माहीत असून कापली.
टोकं परत गाठवली, अंधारात जमली तशी.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो,
"डब्याला चुन्याचा पट्टा तरी मार की लेका,
माणसं असतेत नावेत."
त्यानं मारले.
पलीकडच्या टेकडीवरून मोजता येतील
असे पांढरेफेक पट्टे.

पाचव्या दिवशी पाण्यावर काहीच नव्हतं.

मी त्याच्या घरी गेलो नाही.
बाजाराच्या दिवशी तोच आला,
पुढच्या फळीवर बसला, माझ्याकडं पाठ करून.
वीसची नोट काढली. मी घेईना, तर
फळीवर ठेवून वर चंची ठेवली, उडू नये म्हणून.
बोलला नाही.

पुढं मला नुसतं पाणी दिसत होतं,
मोकळं, काठापर्यंत.
मी वेग वाढवला.
तेव्हा त्यानं मांडीवरचं एक बोट उचललं,
बाकीच्यांना कळू नये एवढंच,
"डाव्या अंगानं घे."