निशाणी बांगडी

उदगीरच्या तहसीलमागच्या या खोलीला
कुणी खोली म्हणत नाही. रेकॉर्ड म्हणतात.
‘रेकॉर्डात बघा,’ ‘रेकॉर्डात उंदीर झालेत.’
कागदांची गाठोडी लाल कापडात बांधलेली,
त्यांना रुमाल म्हणायचं.
चारशे सव्वीस रुमाल, नाक पुसायला एकही नाही.

मी कंत्राटी. पानामागं साठ पैसे.
स्कॅन करायचं, चार चौकटी भरायच्या:
गाव, नाव, साल, विषय.
फसली सालात पाचशे नव्वद मिळवायचे,
गावात जिभेचा अंदाज.
उर्दूला ळ नाही, म्हणून हाळी तिथं हाली.
मशीनला हे एकदाच सांगितलं, ते विसरलं नाही.
मी अजून दर वेळी थबकते.

गुलाम दस्तगीर चाचा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
तरी अकराला येतात, स्वतःचा कप घेऊन.
पूर्वी कुणी एक नक्कल मागितली
की ते दोन काढायचे.
“ये भी लेके जाओ, काम पडता.”
बांधाची मागितली तर आंब्याचीही,
कारण भांडण बांधाचं लिहिलेलं असायचं
आणि असायचं आंब्याचं.

आता मशीन तेच करतं, खाली बारीक अक्षरात:
ज्यांनी हा दस्त पाहिला त्यांनी हेही पाहिले.
पण पाहणारी मी एकटीच.
माझ्याच बोटांचा माग काढत
ते मला माझंच कालचं काम सुचवतं.

मार्चात शंकरप्पा तोगरे आले, हाळीचे,
शाळेत घंटा द्यायची नोकरी केलेले.
आईचं नाव कुठं आहे का बघायचं होतं.
जमिनीसाठी नाही, असं दोनदा म्हणाले.
फोटो कधी काढलाच नाही हो तिचा.

भिवराबाई, लिहिलं.
शून्य निकाल.
भिवरा. भीवरा. बिवरा. भिमरा.
मशीननं विचारलं: तुम्हाला भिवापूर म्हणायचे आहे का?
तोगरे वाकून म्हणाले, नाही, बाईच.

चाचांनी बशीतला शेवटचा घोट घेतला.
“औरतां नाम से नै मिलते बेटा.
झगडे से मिलते. पानी का झगडा देखो.”

मी नाव खोडलं.
हाली, विहीर, पाळी, फसली तेराशे पन्नासच्या पुढं.
सतरा निकाल. अकराव्यात:
‘मयत नागप्पाची बायको हजर. सांगते की
आठवड्यात दोन दिवस मोट माझी,
ती मी कुणाला देणार नाही.’
तोगरे म्हणाले, नागप्पा माझा बाप.
खाली कारकुनाचं अक्षर: निशाणी बांगडी.
शेजारी तिनं, नाहीतर त्यानंच, काढलेला गोल,
एका बाजूला न मिटलेला, शाई ओघळलेली.

मशीननं तो वाचला होता: ०.

तोगरे काचेवर बोट ठेवून
गोलावरून फिरवत राहिले,
न मिटलेल्या जागी यायचं बोट आणि थांबायचं.
नक्कल नको म्हणाले. मग गेले, मग परत आले,
म्हणाले, द्या एक.

त्या संध्याकाळी मी मशीनला म्हटलं, सगळी शून्यं आण.
सालातली आली, दंडाच्या रकमेतली आली,
एका पानावर कपाचा डाग आला, चाचा हसले.
आणि अधूनमधून, ओळीत न बसणारी,
कुठं अंड्यासारखी, कुठं दोनदा गिरवलेली,
एकीच्या शेजारी दुसरी छोटी,
सासू-सून असाव्यात.

पाचवी चौकट जोडायची मला परवानगी नाही.
विषयातच लिहिते: बांगडी.
“कितने हुए?” चाचा रोज विचारतात.
काल एकोणनव्वद.

आज लातूरहून साहेबांचा फोन आला,
विषयात हे काय भरताय म्हणून.
सही आहे ती, मी म्हटलं.
पलीकडं जरा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
“बरं. पण सगळीकडं एकसारखंच लिहा,
नाहीतर पुढं कुणाला सापडणार नाही.”