कोनशिला

नाव बांधायला खुंटा शोधावा लागत नाही मला.
पुलाची कोनशिला आहे ना, तिसरी.
पहिली कोसीनं नेली.
दुसरी अर्धी गाळात, तिच्यावर सून गोवऱ्या थापते.
ही संगमरवरी. दोराची गाठ छान बसते,
नेमकी मंत्र्याच्या नावावर.

मी बिलट मुखिया, घाट बेलाही टोल्याचा.
दोन बांधांच्या मधे राहतो आम्ही,
जिथे सरकारनं नदीला मोकळं सोडलंय
आणि आमचं काय ते नंतर बघू म्हणालंय.
माणशी दहा रुपये, सायकलचे पाच,
म्हशीचे वीस, पोहत आली नाही तर.

गाव काय मागतं? पूल.
मास्तर पूल मागतो, दूधवाला पूल मागतो,
लुधियान्याहून पोरं फोनवर पूल मागतात.
सभेत मीही हात वर करतो, सगळ्यांच्या आधी.
पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील?

पण खरं सांगू,
इथं मधल्या धारेत कुणी ऐकत नाही म्हणून,
तीस वर्षं माझी चूल
पुढाऱ्यांच्या थापांवर पेटली आहे.
मत द्यायचो ते पारखून:
जो सगळ्यात सहज खोटं बोलेल त्याला.
शब्द देताना ज्याचा आवाज कापायचा
त्याची भीती वाटायची मला.

मागच्या भादव्यात रात्री रमसखीला कळा सुरू झाल्या.
वल्हं माझ्याच हातात. प्रवाह तिरका.
नातू झाला तो पाण्यावरच,
ना या काठाचा ना त्या.
कचेरीत बाबूनं विचारलं, जन्मठिकाण?
म्हटलं, नदी.
त्यानं पेन खाली ठेवलं.
असा रकाना नाही, म्हणाला.

पोर जगलं.
पलीकडच्या टोल्यातल्या दोघी नाही जगल्या.
त्यांना परत मीच आणलं.
भाडं घेतलं नाही.

यंदा एक निर्मोही झा उभा राहिला,
निवृत्त कंपाउंडर, निशाणी शिडी.
गाडी नाही, भोंगा नाही,
माझ्याच नावेतून आला.
म्हणाला, पूल माझ्या हयातीत होणार नाही,
होईल म्हणणाऱ्याला तारीख विचारा.
मी इंजिनाची एक नाव मागणार,
आत खाट, आणि रात्रपाळीला नर्स.
टाळी एकही पडली नाही.
परतताना त्यानं वीसची नोट दिली.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.
राहू दे, म्हणाला नाही.
मी दहा रुपये आणेपर्यंत
उन्हात उभा राहिला.

आज पहाटे मशीन आणलं. मोहर लावलेली पेटी,
आणि कुठल्याशा वाळवंटातला एक जवान,
बंदुकीपेक्षा नावेची कड घट्ट धरून.
साहेबानं विचारलं, किती खोल आहे?
म्हटलं, साहेब,
पाच वर्षांतून एकदा विचारून कळत नाही.

पत्र्याच्या शाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशाला
माझं बोट बराच वेळ हवेत.
इंजिनाची नाव आली
तर ती चालवायला बिलट कशाला बोलावतील?
बाहेरून कुणीतरी म्हणालं,
काका, झोपलात काय?
मग ते मशीन वाजलं. लांबलचक.
वर वळचणीतली चिमणी उडाली.

संध्याकाळी तीच पेटी, तोच जवान, उलटी फेरी.
नाव बोटभर जास्त बुडाल्यासारखी वाटली.
मताला वजन नसतं, एवढं कळतं मला.
जवानाचे बूट भिजले होते, त्याचं असेल.
साहेबानं भाड्याची चिठ्ठी लिहून दिली,
पैसे निकालानंतर.
अशा तीन आहेत घरी, डब्यात.

अंधारात परत आलो.
कोनशिलेला दोर टाकला.
गाठ दोनदा सुटली.
वर रमसखी पोराला कडेवर घेऊन उभी.
कुणाला दिलंत, म्हणाली.

म्हटलं, आधी ती बॅटरी धर जरा इकडे.