कागजीपुऱ्यात पाच तुकडे

पोत्यावर मी पाच तुकडे मांडले
तेव्हा कमरुद्दीन चाचांनी चष्मा काढून खिशात घातला.
"कागद डोळ्यानं बघायचा नसतो, बाई."

जपानी कोझो कानाशी नेऊन झटकला.
आवाज नाही.
"मुका आहे. फाड बरं."
ओढून ओढून फाटला एकदाचा,
तर कडेला पांढरे धागे
न विंचरलेल्या दाढीसारखे.

गांपीवरून नख फिरवलं.
कांद्याचा आतला पापुद्रा, तसाच चकाकत होता.
"घोटलेला नाही हा?"
नाही म्हटलं, तर हातातला गुळगुळीत दगड
त्यांनी हळूच मांडीखाली सरकवला.

चीनच्या शुआनला चहाचं बोट लावलं.
डाग पसरला. पसरतच राहिला.
"ह्याच्या कानात सांगितलं की गावभर."

कोरियाचा हान्जी तेल पाजून जमिनीला लावतात
आणि वर झोपतात, मी सांगितलं.
चाचा बराच वेळ
त्या जाड तुकड्यावर तळवा ठेवून बसले.

पाचवा मी न सांगता दिला:
पैठणच्या दप्तरातला, मोडीतला,
कसरीनं चाळण केलेला.
तो खणखणला.
त्यांनी कोपरा जिभेला लावला, थुंकले.
"आमचाच. खळ पातळ आहे.
आजा चिकट होता माझा,
तांदूळ मोजून घालायचा."

कशानं सांधू, विचारलं.
"मुका लाव पाठीला.
मध्ये बोलायचा नाही."

मग चष्मा लावून
ती न वाचता येणारी मोडी
ओळीवर बोट ठेवून
शेवटपर्यंत बघत गेले.