स्पायरल

मार्च संपत आला की
पोरं काखेत कागद धरून पळत येतात.
राजारामपुरीत, गल्लीच्या तोंडाला माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल.
पुढं पारदर्शक कव्हर, मागं काळा पुठ्ठा, तीस रुपये.
उद्या सबमिशन असलं तरी तीसच.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला थांबलो.
पण भोकं पाडताना वाचतो.
यंत्रात एका वेळी दहा पानं बसतात,
तेवढ्यात एखादा परिच्छेद होतो डोळ्यांखालून.

असं बरंच कळलंय मला.
तालमीतल्या तांबड्या मातीत
ताक, तेल, हळद, कापूर कशाला घालतात,
ते रेहाना शिकलगारनं
काचेच्या बशीत जंतू वाढवून बघितलं.
तालमीत तिला आत कोण सोडणार?
भावानं रुमालात बांधून माती आणली,
आणि आभाराच्या पानावर
मार्गदर्शक सरांच्याही वर
त्या भावाचं नाव आहे.

तन्वेष मगदूमनं सिनेमाचे बॅनर रंगवणारे शोधले.
नायकाचा एक डोळा सव्वादोन फूट,
खलनायकाचा थोडा मोठा, असं तक्त्यात लिहिलंय.
तीन पेंटर भेटले.
चौथा भेटीच्या आदल्या आठवड्यात गेला.
त्याच्या नावाखाली पान कोरं होतं.
म्हटलं, हे चुकून आलंय का रे?
"न्हाई दादा, तसंच बांधा."

आणि ते चष्मेवालं पोरगं, नाव विसरलो,
एकशे अकरा सकाळी रंकाळ्याचं पाणी बाटलीत भरलं,
शेवटी एकच ओळ:
अपेक्षित संबंध आढळला नाही.
रडवेलं झालेलं. सर काय म्हणतील?
मी त्याला फुकट बांधून दिलं.
का, ते मलाच नीट सांगता येणार नाही.

परवा रात्री शटर निम्मं ओढलेलं,
खालून वाकून ऋतिका हळदकर आत आली.
समाजशास्त्र, तिसरं वर्ष.
विषय: चप्पल व्यवसायातील स्त्रियांचे घरबसल्या श्रम.
चाळीस बायका, चाळीस रकाने, नावं नाहीत.
नावं द्यायची नसतात, म्हणाली.

पान बावन्न.
उत्तरदाती क्रमांक सतरा. सुभाषनगर. वय एकसष्ट.
काम: वेणी घालणे. वर्षे: चव्वेचाळीस.
दुखणे: मान, उजवा अंगठा.
बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडते.
काय शिकायला आवडलं असतं?
हिशेब.

माझा हात यंत्राच्या दांडीवर राहिला.
आमच्या घरी बरणीचं झाकण
डाव्या हातानंच उघडतं,
आणि मला वाटायचं, आई डावरी आहे.

भोकं तिरकी पडली.
पेन ड्राइव्ह घेऊन पान पुन्हा काढून दिलं,
बिघडलेलं खिशात घातलं.
ऋतिकाला काही बोललो नाही.
काय बोलणार, सतरा नंबर माझा आहे?

घरी आई चामड्याच्या पट्ट्या भिजवत बसली होती.
म्हटलं, कुणी मुलगी आली होती का गं, विचारायला?
"कोन? ती व्हय. दिवाळीच्या आधी.
दोन तास बसली. च्या नको म्हनली.
मला बी वेणी शिकवा म्हनली.
शिकवली की.
तिसऱ्या पट्टीला गाठ मारून ठेवली बाईनं,
मग मीच उसवली."

अंगठ्याचं विचारायचं होतं.
हिशेबाचं तर विचारायचंच होतं,
पण दुसऱ्या वर्षाची माझी पुस्तकं
वर माळ्यावर होती आणि
नजर तिकडं जाऊ नये म्हणून
मी पट्ट्या मोजत बसलो.

आईनं पाणी निथळलं,
अंगठा पदराला पुसला,
आणि म्हणाली,
"मग? पास झाली का ती?"