नाकापासून

नाक आधी.
नाक धरलं की बाकीचा चेहरा
मुकाट मागे येतो.
कान शेवटी. कान कुठेही बसतात,
पंगतीला उशिरा आलेल्यांसारखे.

बातुमीचा समुद्रकाठ. वाळू नाही, गोटे.
माझं स्टूल, गिऱ्हाइकाचं स्टूल
(त्याचं दोन बोटं बुटकं, मुद्दाम;
माणूस जरा वर बघू लागला की हनुवटी खरं बोलते),
कागदाला चार चिमटे, वाऱ्यासाठी पाचवा,
आणि शेजारी मेराबचा उकडलेल्या कणसांचा हंडा,
ज्याच्या वाफेने जुलैत माझ्या कागदांना पोक येतं.

बारा मिनिटं. पंधरा लारी.
बसलेल्याला चित्र दिसत नाही.
त्याला दिसतात माझ्या पाठीमागे जमलेली तोंडं.
ती हसली की तो कसनुसा होतो:
काय काढलंय हिने?
तो कसनुसेपणा मी टिपते.
चेहऱ्यावर तेवढंच त्याचं स्वतःचं असतं,
बाकी सगळं त्याने फोटोसाठी घरून आणलेलं.

नाकासमोर चालणारी माणसं सर्वांत अवघड.
परवा कुताइसीचा एक हिशेबनीस आला.
भुवया मापात, ओठ मापात,
कान तर पावती घेऊन लावलेले.
सातव्या मिनिटाला माझ्या नाकी नऊ.
मग मेराबने त्याला कणीस दिलं
आणि तो एकेक दाणा रांगेने खाऊ लागला,
ओळ संपली की ओठ पुसून पुढची.
मी त्याचं तोंड काढलंच नाही. कणीस काढलं.
बायको म्हणाली, अगदी हेच.

आया सांगतात, मुलीचा तीळ नको.
मी हो म्हणते, आणि तीळ काढते.
बारीक.

हिवाळ्यात काठ ओस.
तेव्हा फोनवर लग्नांच्या ऑर्डरी,
नवरा मोटारीवर, नवरी ढगावर,
सगळ्यांचे गाल एकाच फिल्टरने घासलेले.
सोललेल्या बटाट्यात व्यंग शोधायचं कसं?

त्याआधी पेपर होता.
दर मंगळवारी, दुसऱ्या पानावर
उपमंत्री वाख्तांग यांची हनुवटी.
फावड्याएवढी.
कधी तिच्यावर कबुतरं,
कधी तिच्या सावलीला अख्खं बंदर.
संपादक ओतिया पट्टीने मोजायचा:
"नातेला, अर्धा सेंटिमीटर कमी. मला दोन मुलं आहेत."
मी कमी करायची.
पुढच्या मंगळवारी पाऊण वाढवायची.
पेपर बंद पडला तो कर्जाने,
हनुवटीने नाही.

गेल्या सप्टेंबरात, मी चिमटे काढत असताना
एक म्हातारा समोर येऊन बसला. न विचारता.
मफलर सोडला. जिभेने कवळी जागेवर ढकलली.
"ओळखलंत?"

नाकापासूनच सुरू करणार होते,
हात आपोआप खाली गेला.
बारा वर्षांची सवय, एका दमात फावडं.
मग वर पाहिलं.
तिथे हनुवटी नव्हतीच.
कातडीची रिकामी पिशवी,
आणि कानापर्यंत गेलेली टाक्यांची शिवण.

मी खोडलं.
वाऱ्याने रबराचा चुरा त्याच्याच कोटावर नेला.
त्याने झटकला नाही.
म्हणाला, "लिआना दर मंगळवारी कापून ठेवायची.
कपाटाच्या दाराला, आतून.
मी बाहेर पडलो की दार उघडून हसायची.
मला जिन्यात ऐकू यायचं."

दिवे लागले होते. बारा मिनिटं कधीच संपली होती.
मी आहे तेच काढलं.
शिवण तेवढी तिळासारखी,
बारीक.

त्याने पंधरा लारी मोजून दिल्या, सगळे सुटे.
कागद दिव्याकडे धरला, तिरपा.
पेन्सिल दाबून ओढलेली असली
की खोडूनही कागदात चरा राहतो.
त्या चऱ्यावरून त्याने अंगठा फिरवला
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
हळू, दाढी झाल्यावर पाहतात तसा.

मेराब हंडा ओतत होता.
"शेवटचं आहे. घेता?"
"मऊ असेल तर," तो म्हणाला.