महाल मुरवंडे

बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर जांभळी शाई :
जन्मठिकाण उंबरशी, महाल मुरवंडे.
तहसीलच्या खिडकीतली मुलगी दोनदा शोधते,
म्हणते, मॅडम, असा महाल नाही.

खोटं नाही तिचं.

होता तेव्हा सदतीस गावं होती,
खाडीच्या अलीकडे एकवीस, पलीकडे सोळा.
मामलेदाराचं घोडं पाण्याला बुजायचं
म्हणून साहेबानं इथं एक महालकरी बसवला
आणि त्याला घोड्याऐवजी होडी दिली.
जांभ्या दगडाची कचेरी, चार खोल्या,
त्यातली एक कोठडी.
कैदी नसला की तिच्यात
मीठ-जकातीच्या थैल्या ठेवत,
कैदी आला की थैल्यांवरच निजे तो.

गणी परकार शिपाई. केशव फणसळकर अव्वल कारकून,
ज्याला पोहता येत नव्हतं
आणि ज्यानं सगळी नोकरी तरीत काढली,
दप्तर मांडीवर, डोळे मिटलेले.

मग रस्ता आला.
डोंगराच्या अंगानं, खाडीला पाठ करून.
पलीकडची सोळा गावं एका तालुक्याला जवळ झाली,
अलीकडची एकवीस दुसऱ्या.
तांडेल डोर्लेकर शेवटपर्यंत सांगायचा,
"पाणी व्हतं म्हणून आमी येक व्हतो.
आता म्हंत्यात पाणी मधी येतं."

छप्पन साल. राजपत्रात साडेचार ओळी.
सरकारी वर्ष एक ऑगस्टला कूस बदलतं,
त्या दिवसापासून महाल नाही.
पण दप्तर न्यायचं मचव्यातून,
आणि नारळ पडल्याशिवाय
मचवा लोटणार कोण?
पौर्णिमा एकवीसला.
मोडलेला महाल तीन आठवडे तसाच चालला.
फणसळकर रोज अकराला येई, टाक बुडवी,
बांधावरच्या फणसाचा एक तंटा मिटवला,
एका म्हशीचा पंचनामा केला,
आणि नऊ तारखेला, धो धो पावसात,
माझी आजी ज्या मुलाला जन्मली
त्याची नोंद त्यानं
नसलेल्या महालाच्या वहीत
वळणदार मोडीत केली.

ती वही इकडच्या तालुक्यानं घेतली नाही :
तारीख आमच्यातली, वही तुमची.
तिकडच्यानंही नाही :
गाव आमचं नव्हे.

मचव्यात बासष्ट रुमाल चढले.
उतरले एकसष्ट.
कोणी म्हणतं पडला, कोणी म्हणतं गणीनं ठेवून घेतला.
त्याच्या नातीला विचारलं मी.
आंबोळीवर नारळाचं दूध ओतत म्हणाली,
आजोबांनी घरी आणली ती फक्त लाख,
उरलेली कांडी, आम्ही खेळण्यात मोडली.

कचेरीत आता गुरांचा दवाखाना.
एक आजारी पाडी दाराशी बांधलेली.
दप्तरखान्याच्या दारावर, कडीच्या वर,
हिरव्या रंगाच्या कितीतरी हातांखाली
एक टेंगूळ आहे. शेवटची मोहोर.
अंगठा फिरवला तर 'मु' लागतो,
पुढचं कोणीतरी खरवडलंय.
डॉक्टर म्हणाले, रंगारी आळशी, बाई.

बाबांना या कशाचं काही नव्हतं.
आगबोटीची गोष्ट सांगायचे, भरतीची वेळ
भिंतीवर खडूनं लिहायचे,
आणि कोणी गाव विचारलं
तर हातानंच दाखवायचे : त्या तिथं.
गेले तेव्हा ओहोटी होती.

वारस नोंदीसाठी जन्मठिकाण लागतं, मुलगी म्हणते.
तालुका रिकामा ठेवता येत नाही,
चौकट लाल होते.
मागे रांगेत कोणीतरी खाकरतं.
इकडचा टाकू की तिकडचा?

मी तिला खाडीबद्दल सांगायला लागते,
तरीतल्या मिटल्या डोळ्यांबद्दल,
त्या तीन आठवड्यांबद्दल.
ती ऐकते, खरंच ऐकते,
हनुवटीखाली पेन धरून.

मग यादीत खाली खाली जाते
आणि 'इतर' निवडते.