हवं तर

मुलुंडला, फरसाणाच्या दुकानावरचा दवाखाना.
डॉक्टरीणबाईंनी निळ्या पेनाने
मधुजाच्या गालावर पाच गोल काढले.
धोका काही नाही, म्हणाल्या,
हवं तर मे महिन्यात काढून टाकू.
हवं तर.
या दोन शब्दांचं काय करायचं
ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं.

रिक्षात तिने तो गाल
माझ्या दंडाला लावून ठेवला.
झोप आली होती की
सिग्नलवरच्या लोकांना दिसू नये म्हणून,
मी विचारलं नाही.

व्हॅनमधला एक पोरगा तिला पोळी म्हणतो.
हिने सुनावलं त्याला:
डाग नसलेली पोळी कच्ची असते, आईला विचार तुझ्या.
केवढी हसले मी, फोन करकरून सांगितलं सगळ्यांना.
त्याच संध्याकाळी माझा पावडरचा डबा
बेसिनवर उघडा सापडला,
अर्धा रिकामा.

तान्ही होती तेव्हा
मीच रोज तीट लावायचे याच गालाला.

रात्री खोबरेल तेलाने शाई पुसते आहे.
चार गोल गेले.
पाचवा ओठाजवळचा,
माझाही तिथेच आहे.
"हा राहू दे," ती झोपेत पुटपुटते.

गोल, की तीळ?

लाइट बंद करून बसून राहते.
बोटाला निळं तेल.